दर्शनिकेतला कापूस कोणी वेचला?

मा. संपादक,
दर्शनिका विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई यांस,



मी वाशिम जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. इतिहास आणि भूगोल हे दोन विषय बत्तीस वर्षं शिकवले. तुमच्या विभागाच्या जाडजूड ग्रंथांवर माझी अर्धी शिकवणी उभी होती, तेव्हा आधी आभार मानतो. ब्राउन आणि नेल्सन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची १९१० ची अकोला दर्शनिका, म्हणजे गॅझेटिअर, आणि नंतरची शासनाची १९७७ ची, या दोन्हींत वाशिम अकोल्याच्या पोटात आहे. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला. म्हणून वाशिमच्या दर्शनिकेला जेव्हा जेव्हा हात घालाल, मग ती नवी असो की सुधारलेली, तेव्हा माझं एवढं म्हणणं ऐकून घ्या. पत्र उघडं लिहितोय ते अशासाठी की माझं चुकत असेल तर चारचौघांनी मला सांगावं.

माझा कल डावीकडचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी तो शोधून काढण्यापेक्षा बरं. घरात लाल बावटा नव्हता. वडील सालदार होते, आई वेचणीला जायची, आणि कॉलेजात मार्क्सवादी इतिहासकार दामोदर कोसंबी हाती पडले. एवढ्या तीन गोष्टी पुरल्या.

तक्रार तुमच्या मजकुराबद्दल कमी, प्रकरणांच्या मांडणीबद्दल जास्त आहे. दर्शनिकेत कापूस 'शेती' या प्रकरणात येतो. रेल्वे 'दळणवळणा'त. बंजारा 'लोक' या प्रकरणात, पोशाख आणि लग्नाच्या चालीरीतींसह. मजुरीचे दर कुठेतरी मागे, आर्थिक प्रकरणात. आणि 'इतिहास' म्हणून जे प्रकरण आहे, त्यात वाकाटक, यादव, मोगल, निजाम, भोसले आणि शेवटी इंग्रज. राजे गेले, दुसरे आले. वर्गात मुलं विचारायची, सर, आपल्या गावात काय झालं? त्याचं उत्तर त्या ग्रंथात होतंच, पण पाच प्रकरणांत पांगलेलं. डाव्या इतिहासकारांकडून मी एकच काम शिकलो, ही पांगलेली प्रकरणं एकमेकांना शिवून वाचायची.

करून दाखवतो.

मे १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. हे 'इतिहास' प्रकरणात आहे. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये कार्ल मार्क्स न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून दैनिकासाठी हिंदुस्थानवर लेख लिहीत होते. गिरणीवाल्यांना इथे रेल्वे हवी आहे ती कापूस स्वस्तात बाहेर काढण्यासाठी, असं त्यांनी त्यात सरळ लिहिलं. त्यांना वाशिम माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पुढच्या पंधरा वर्षांत इथे झालं ते तसंच. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस आटला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. १८६७ पर्यंत अकोल्यावरून नागपूरला गाडी गेली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, अमरावतीच्या नावावरून. अल्फ्रेड लायल यांनी १८७० साली वऱ्हाडची पहिली दर्शनिका छापली, ती याच भरभराटीच्या काळात. तुमच्या विभागाचा पूर्वज म्हणावा असा तो ग्रंथ.

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याच्या हातात दांडा त्याची कुऱ्हाड, हे मात्र कोणी सांगत नाही. रयतवारीत जमीन खातेदाराच्या नावावर झाली म्हणजे ती विकता आणि गहाण टाकताही येऊ लागली. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली. पैसा आला, तो सावकाराच्या वहीतून येऊन पुन्हा त्याच वहीत गेला. भाव पडला की घरात ना दाणा, ना दमडी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हे उघडं पडलं. लक्ष्मण सत्या यांचा वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यावरचा १९९७ चा ग्रंथ आणि त्याचा आधार घेणारं माइक डेव्हिस यांचं २००१ चं पुस्तक, ही दोन्ही डाव्या नजरेची कामं. डेव्हिस लिहितात की दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाडात १,४३,००० माणसं उपासमारीने गेली, आणि त्याच काळात इथून कापसाच्या गाठींबरोबर धान्यही बाहेर चाललं होतं. पाऊस पडला नाही हे खरं. पण धान्य गाडीत चढलं ते पावसाने चढवलं नाही. दुष्काळ 'हवामाना'त टाकायचा की 'इतिहासा'त, याचा निवाडा या एका वाक्यावर व्हायला हरकत नाही.

गाडीचं निघालंच आहे तर कारंज्याच्या शकुंतलेबद्दल बोलू. मुर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी घातली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही खासगीच राहिली, आणि करारापोटी आपण कंपनीला पैसे मोजत राहिलो. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. कापूस मँचेस्टरला गेला, त्याच्या बदल्यात इंजिन आलं, आणि तेही आपलं झालं नाही. लहानपणी मी या गाडीत बसलो आहे. उतरून चालत गेलं तरी ती आपल्याला फार मागे टाकत नसे, एवढी संथ. आता रुळांत गवत आहे. लोक तिच्याबद्दल हळहळतात, मीही हळहळतो. तरी दळणवळणाच्या प्रकरणात ती नुसती 'ऐतिहासिक गाडी' म्हणून येऊ नये, एवढं पाहा.

आता तांड्याकडे येतो. हे प्रकरण मला सगळ्यांत जास्त टोचतं.

रेल्वे येण्याआधी या मुलखातली वाहतूक बंजाऱ्यांच्या पाठाळ बैलांवर चाले. धान्य आणि मीठ, शेकडो बैलांची लदेणी, पुढे नायक. रेल्वे आली आणि लदेणी मेली. ज्यांच्या बैलांवर फौजा जगल्या, ते लोक एका पिढीत बेकार झाले आणि डोंगराच्या कडेला वसले. मानोऱ्याकडचे तांडे पाहिले की कळतं, जमीन संपते आणि माळ लागतो तिथे तांडा असतो. ही झाली दळणवळण आणि लोक या दोन प्रकरणांची शिवण.

पण या लोकांबद्दल सविस्तर लिहिलं कोणी? वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने. १८६९ च्या सुमारास त्याने बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं, १८८२ ला ते पुन्हा छापलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यातला बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यत्वे याच टिपणावर उभा आहे. बाकीच्या आधारांत गुंथॉर्प यांचं गुन्हेगार जमातींवरचं पुस्तक. म्हणजे ठाण्यातला कागद ग्रंथात गेला, ग्रंथातून पुढच्या ग्रंथांत, आणि तिथून शिक्षकाच्या फळ्यावर. मी स्वतः तो फळ्यावर लिहिला आहे, उमेदीच्या काळात, समोर तांड्यावरची मुलं बसलेली असताना. एका मुलाने मान खाली घातली ती आठवते. १८७१ च्या कायद्याने देशात ठिकठिकाणी ज्यांच्यावर गुन्हेगार असा शिक्का बसला, त्यांत बंजारेही होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. फळ्यावरचा मजकूर मात्र आम्ही त्यानंतरही कित्येक वर्षं पुसला नव्हता.

बळीराम पाटील यांनी १९३६ साली गोर बंजारा लोकांचा इतिहास आतून लिहिला. कंबरलेजच्या शेजारी तो ठेवा आणि दोन्ही वाचा, मग लिहा.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांचाही कान धरायला हवा. मार्क्सने त्याच १८५३ च्या लेखात अंदाज केला होता की रेल्वे आणि कारखाने आले की जातीची वाटणी ढासळेल. गाडी आली, जिनिंग प्रेसिंग आलं, जात होती तिथेच राहिली. गावकुसाबाहेरचा माणूस जिनात गेला तो सरकी भरायला. मराठीतले डावे हे फार उशिरा बोलू लागले. धुळ्याच्या शरद पाटलांना त्यासाठी १९७८ साली पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढावा लागला. भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर आणला तो दादासाहेब गायकवाडांनी, १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत, निळा झेंडा घेऊन. गावोगावच्या गायरान जमिनींचा आजचा वाद त्या सत्याग्रहांना सोडून समजत नाही. आपल्या जिल्ह्यात तर लाल झेंड्याने फार पाय रोवले असंही नाही. शेजारच्या अमरावतीने १९८९ ला कम्युनिस्ट पक्षाच्या सुदामकाका देशमुखांना लोकसभेत पाठवलं. वाशिमने पाठवले माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आणि १९८० व ८४ ला थेट जम्मूचे गुलाम नबी आझाद. यात हसण्यासारखं आहे, पण शिकण्यासारखंही आहे.

डावे इथे अडखळले याचं कारण मला शेताच्या बांधावर सापडतं. डाव्यांची शेतमजूर संघटना मजुरी वाढवा म्हणाली. शरद जोशींची शेतकरी संघटना ऐंशीच्या दशकात कापसाला भाव द्या म्हणाली, आणि वऱ्हाडातला शेतकरी तिच्यामागे गेला. गेल ऑम्वेट यांच्यासारख्या डाव्या अभ्यासकही तिकडे झुकल्या. १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी, तिचे उशिरा येणारे चुकारे, प्रतवारीची भांडणं, हे सगळं त्यात आलं. पुस्तकातला प्रश्न सोपा असतो, मालक कोण आणि मजूर कोण. पण पाच एकर कोरडवाहूवाल्या माणसाच्या बांधावर उभं राहून त्याला शोषक म्हणायला जीभ रेटत नाही. तो स्वतः कृषी केंद्राच्या उधारीत बुडालेला. आणि त्याच बांधावर वेचणी करणारी बाई आहे, तिचा दर किलोमागे दोन रुपये वाढवायचा म्हटलं की तोच माणूस हमरीतुमरीवर येतो. दोघंही खरे. ज्या इतिहासात या दोघांना एका पानावर जागा नाही, तो डावा असो की उजवा, मला अपुरा वाटतो.

बंजाऱ्यांचं तीर्थ असलेल्या पोहरादेवीच्या बाबतीतही आमचे लोक चुकले. रामनवमीला तिथे लोटणाऱ्या गर्दीला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ज्या समाजाचा कागद पोलिसांनी लिहिला, त्याने आपली आठवण सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी, भाटांच्या गळ्यात आणि नगाऱ्यावर जपली. कंबरलेजने ती ऐकली पण नोंद केली गुन्ह्याची. कॉम्रेडने ऐकलीच नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं आधुनिक झालं, वाशिमचं खरं वैभव तर वाकाटकांचं. वैभवाबद्दल वाद नाही. १९३९ साली वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, त्यामुळे वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशिमच्या, शाखेचा पत्ता लागला. मी तो वर्गात असा शिकवायचो. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव दान दिल्याचा व्यवहार प्राकृतात. म्हणजे मानासाठी एक भाषा, कामासाठी दुसरी. आमच्या तहसीलमध्ये आजही थोडंफार तसंच आहे. मग सवलतींची यादी. या गावात शिपायांनी शिरू नये, मीठ काढायची सक्ती नाही, फिरतीवरच्या अंमलदारांना गवत आणि कोळसा पुरवायचा नाही. मुलांना विचारायचो, ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, त्यांचं काय? मागच्या बाकावरचा एखादा लगेच सांगायचा, त्यांना हे सगळं द्यावं लागत असेल. त्याला कोसंबी वाचायची गरज पडली नाही.

आता कामाचं बोलतो. 'इतिहास' प्रकरणासाठी कागद कुठले, असं विचाराल. कागद आहेत. १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याखालचे तहसीलमधले दावे आहेत. १९६१ च्या सीलिंग कायद्यात कोणाची जमीन गेली आणि कोणाची कागदोपत्री नात्यागोत्यात वाटली गेली, त्याची प्रकरणं आहेत. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जमीन परत करण्याचे जिल्हा उपनिबंधकांचे आदेश आहेत. रोजगार हमीची हजेरीपत्रकं जिथे वाळवीतून वाचली असतील तिथे ती आहेत. समृद्धी महामार्गासाठी कारंजा आणि मालेगाव तालुक्यांत कोणी कोणत्या दराने जमीन दिली, त्याची खरेदीखतं तर अजून ताजी आहेत. ११ डिसेंबर २०२२ ला त्या रस्त्याच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, आणि तुमच्या ग्रंथात तो दळणवळणाच्या प्रकरणात जाईल याची मला खात्री आहे. जाऊ द्या. पण खरेदीखतं इतिहासात घ्या.

एका तारखेचाही विचार करा. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, आपण तो कृषी दिन म्हणून साजरा करतो. १ जुलै १९९८ ला जिल्हा जन्मला. आणि १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत वाशिम होता. २०१८ ला नीती आयोगाने राज्यातून चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यातही वाशिम. सोन्याची कुऱ्हाड ते आकांक्षित जिल्हा, ही वाट कोणत्या प्रकरणात लिहिणार? हवामानात? लोकांच्या स्वभावात? मला वाटतं ती कापसाच्या गाडीबरोबर सुरू झाली आणि मधे कुठेही तुटली नाही. तुम्हाला पटलं नाही तर तसं लिहा, पण कारणासह लिहा.

सोबत एक वही पाठवतो आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी नववीच्या मुलांना दिवाळीचा अभ्यास दिला होता. आजीला विचारायचं, तिची पहिली मजुरी किती, कशात मिळाली, कोणत्या कामाची. सुट्टीनंतर एकेचाळीस उत्तरं आली. बऱ्याच आज्या आधी हसल्या. एकीने नातवाला म्हटलं, "मले काय इचारतं रे, मी काय राणी हावो का?" मग तासभर बोलली.

बहुतेकींना पैसे नव्हेत, ज्वारी मिळाली होती. वेचणीचं वर्णन सगळ्यांचं सारखं. कमरेला लुगड्याची ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंड सोलायचं, नखांच्या कडा पऱ्हाटीच्या टोकांनी चिरायच्या. पहिल्या वेच्याला कापूस जड, शेवटच्याला हलका, दर मात्र वजनावर, म्हणून शेवटच्या वेच्याला कोणी जायला तयार नसे. संध्याकाळी मालकाच्या ओसरीवर काटा. काटा कोणाच्या हातात असे, हे मुलांनी आपणहून विचारलं, मी सांगितलं नव्हतं. एका मुलीने लिहिलं आहे की तिची आजी ओटीत ओलसर कापूस खाली ठेवायची, वजनाला बरा म्हणून, आणि मालक दर गाठोड्यामागे अर्धा शेर कापायचा, ओलीचा म्हणून. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळावर नऊ जणींनी सांगितलं. पाझर तलावाचं काम, खडी फोडणं, खायला सुकडी आणि लाल मिलो. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ ला मंजूर आणि १९७९ पासून लागू, हे मी मुलांना नंतर शिकवलं. आज्यांना कायद्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण बाईला आणि बाप्याला सारखा दर पहिल्यांदा तिथे मिळाला, हे दोघींनी सांगितलं. एकीला साल आठवेना. ती म्हणाली, तलावाच्या भिंतीवर माती टाकत होते तेव्हा तुझा बाप पोटात होता, त्याची जन्मतारीख बघ आणि मोज. पोराने शाळेच्या दाखल्यावरून हिशेब करून समासात साल लिहिलं आहे, १९७३. दाखल्यावरची तारीख मास्तरने अंदाजे टाकलेली असते हे मला माहीत आहे, तुम्हालाही असेल. म्हणून त्या आकड्यापुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं. पोराने ते खोडलं आणि पुन्हा साल लिहिलं, या वेळी शाईने.

वही मूळ आहे, झेरॉक्स काढून परत पाठवावी. तो तलाव अजून आहे, भिंत थोडी खचली आहे, पण मार्चपर्यंत पाणी असतं. तुमच्याकडचं कोणी आलं तर मी दाखवायला येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जि. वाशिम